रूम टेंपरेचर पंचवीस

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये रूम टेंपरेचर कायम पंचवीस अंश असायचं. बाहेर जालन्याचा एप्रिल, पंखा बंद, घाम कागदावर टपकून राह्यला, आणि जर्नलात पंचवीस! बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचं एकच जुनं जर्नल सगळ्या बॅचेस उतरवत आलेल्या.

मला एमएस्सीला जायचं होतं. फर्स्ट क्लास आला तरच पाठवतो, असं वडील म्हणाले होते. म्हणून प्रॅक्टिकलच्या परीक्षेला मी कंबर कसली. नायट्रेटचं मीठ गरम पाण्यात विरघळवायचं, निवताना पहिले खडे किती अंशाला दिसतात ते टिपायचं, मंग थोडं पाणी वाढवून पुन्हा तेच. त्या आकड्यांचा आलेख काढला की त्याच्या उतारावरून कळतं, विरघळताना मीठ किती उष्णता ओढून घेतं. शेवटचे दोन आकडे तिशीच्या खालचे. त्या उकाड्यात खडे पडणार कसे? बाकीच्यांनी जर्नलातून उतरवले. मी गेटाबाहेरच्या रसवंतीवरून डब्यात बर्फ आणला. पाच ठिपके, बराबर एका रेषेत! खरं सांगते, इतका आनंद मला पुढं कशानंच झाला न्हाई.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवले.

"सगळ्यांचं उत्तर एक, आणि तुझंच वेगळं?"

"सर, मी बर्फ लावून केलंय. इथं रूम टेंपरेचर एकोणचाळीस होतं."

"रूम टेंपरेचर पंचवीस असतं, बाई."

लाल रेघ मारली. आमचे लॅबचे सर तिथंच उभे होते. बर्फ आणायला त्यांनीच सोडलं होतं मला, पण तोंडातून ब्र काढला न्हाई. चोर सोडून संन्याशाला फाशी!

दोन मार्कांनी फर्स्ट क्लास गेला. वडिलांनी शब्द पाळला.

आता त्याच लॅबमध्ये मी अटेंडंट आहे. बाटल्या धुते, पोरांना मीठ तोलून देते. परवा परीक्षेत एक पोरगी रिकामा डबा घेऊन माझ्याकडं आली.

"मावशी, बर्फ आणू का? शेवटचे खडे पडूनच न्हाई राह्यले."

"कशाला गं? जर्नलात हायेत की आकडे."

तिचा फर्स्ट क्लास जाऊ नये म्हणून बोलले, का माझा गेला म्हणून, देव जाणे. वाटलं, ही तरी माझं ऐकायची न्हाई. तिनं डबा टेबलाखाली सरकवला आणि कागदावर रूम टेंपरेचर पंचवीस लिहिलं.