पाकिटातलं शेवटचं प्रकरण

वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी रहस्यकथा मंडळ भरायचं, ते दिवस आठवले की अजून जीव हळहळतो. एके काळी तिथं अकरा खुर्च्या कमी पडायच्या. पुढं पुढं चारच माणसं उरली: निवृत्त नर्सबाई, टेलरमास्तर, शाळेतल्या गणिताच्या बाई आणि पुस्तकांची बांधणी करणारे बाइंडरकाका. चौघंही एक नंबरचे हट्टी.

मंडळाची रीत जगावेगळी होती. नवं पुस्तक आलं की काका सुरीनं त्याचं शेवटचं प्रकरण अलगद सोडवायचे आणि पाकिटात घालून डिंकानं चिकटवायचे. बाकीचं पुस्तक घरोघर फिरायचं. मग शनिवारी ज्यानं त्यानं गुन्हेगाराचं नाव चिठ्ठीवर लिहायचं आणि त्यानंतरच पाकीट फोडायचं. वाचून झालं की काका ते प्रकरण पुन्हा असं शिवून टाकायचे, की कुठं कापलं होतं ते छापणाऱ्यालाही ओळखता येऊ नये. अट एकच. कापणाऱ्यानं चिठ्ठी लिहायची नाही. न जाणो, कापताना नजर पडली असली तर?

सव्वीस वर्षं काका गुमान बसले. मनाशी ताडलेलं खुन्याचं नाव पोटात असायचं, ओठांवर आणायची सोय नव्हती. पण आपल्याला इथं खुर्ची मिळते ती सुरीमुळेच, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. बाकीच्यांइतकं शिक्षण कुठं होतं त्यांचं?

आणि नेमके डोळे दगा देऊ लागले. डॉक्टरनं हात टेकले. दुपारी भाजी निवडता निवडता सून पुस्तक वाचून दाखवायची.

"बाबा, मंडळात सांगून टाका ना एकदा."

"सांगितलं की सुरी काढून घेतील. मग मी तिथं जाऊन करू काय?"

ती बिचारी पुढचं पान उलटायची.

त्या शनिवारी पुस्तक होतं बोटीवरच्या खुनाचं. नर्सबाईंनी पाकीट फोडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. खुनी निघाला माळी.

आता भर समुद्रात माळी कुठून उपटला? पण ही मंडळी हार मानतील तर शपथ.

"सातव्या प्रकरणात कप्तानाच्या खोलीत कुंड्या आहेत," गणिताच्या बाई म्हणाल्या. "त्यांना पाणी कोण घालत होतं?"

"अहो, तो तिसरा खलाशीच माळी," टेलरमास्तर म्हणाले. "त्याचा सदरा त्याला ढगळ होतो, तेव्हाच मी ताडलं होतं."

तासभर लेखकाच्या हुशारीचं कौतुक चाललं. काकांनी मात्र चूक ओळखली. दोन पुस्तकं एकाच दुपारी कापली होती आणि पाकिटांची अदलाबदल झाली होती. गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पुढच्या शनिवारी दुसऱ्या पुस्तकातल्या, बंगल्यातल्या खुनाला बोटीवरचा खुनी चिकटला असता, तर या पठ्ठ्यांनी तोही खपवून घेतला असता. पण आजवर काकांनी कुठल्या पुस्तकाचं एक पान इकडचं तिकडं होऊ दिलं नव्हतं. त्यांना राहवेना.

"माळी दुसऱ्या पुस्तकातला आहे," ते म्हणाले. "चूक माझी. मला दिसत नाही. सहा महिने झाले."

टेलरमास्तरांचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"यापुढं कापायचं काम माझं," नर्सबाई म्हणाल्या. "माझा हात अजून थरथरत नाही."

काकांनी पिशवीतून सुरी काढून टेबलावर ठेवली, आणि चाचपडत दाराकडं निघाले. हे व्हायचंच होतं, पण फार लागलं त्यांना.

"कुठं निघालात?" गणिताच्या बाईंनी दरडावलं. "बोटीवरचा खुनी अजून मोकळा आहे. नर्सबाई कापणार, म्हणजे त्यांची चिठ्ठी बंद. त्यांच्या जागी आता तुम्ही. तुमची नजर काही शेवटावर पडलेली नाही. बसा आणि नाव सांगा, मास्तर लिहून घेतील."

काका बसले. नाव केव्हाचं तयार होतं. सव्वीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी रुमालानं डोळे पुसले.

"कप्तानाची बहीण," ते म्हणाले. "आणि का, तेही सांगतो."