खारबावच्या खाडीत हार घालून उतरलेलं यंत्र

भिवंडीच्या हारवाल्यांविषयी माझी एक गंभीर तक्रार आहे. ते झेंडू ज्या दोऱ्यात ओवतात, तो देवापर्यंतही टिकत नाही. म्हणून त्या शनिवारी मी शेजारच्या पॉवरलूमवरून नायलॉनचं सूत मागून आणलं आणि हार स्वतः ओवला.

निमित्तही तसंच होतं. माझी मुलगी मृणाल गोव्यात समुद्र-संशोधनाच्या संस्थेत नोकरी करते. तिथल्या मंडळींनी पाण्याखाली आपलं आपण फिरणारं यंत्र बनवलं होतं. खारबावच्या खाडीत त्याची पहिली बिनदोरीची चाचणी होती. जमली, तर मृणालला खोल समुद्राच्या मोहिमेवर घेणार होते.

खारबावला एसटीने जावं. आगगाडीही थांबते, पण तिच्या मर्जीने. स्टेशनाबाहेर वडा तिखट आणि चहा अर्धा मिळतो. पुढे चालत, मात्र भरतीची वेळ विचारून निघावं, नाहीतर नुसत्या चिखलाचं दर्शन घेऊन परतावं लागतं.

यंत्र लूमच्या बीमएवढं, म्हणजे सूत गुंडाळायच्या लांब रुळाएवढं, पिवळंधमक.

"बाबा, आजवर जहाज उपकरणं दोरीने ओढत जाईल, तेवढाच समुद्र कळायचा," मृणाल म्हणाली. "हे एकटं जाईल, मोजमापं घेईल, परत येईल. मध्ये कुणाला विचारायचं नाही."

"आणि अडलं तर?"

"पोटातलं वजन टाकून आपोआप वर येईल."

तिचा सहकारी इम्तियाज बॅटरी तपासत होता. "काका, हिला जड उचलू देऊ नका. प्लॅस्टर आत्ताच निघालंय."

"कसलं प्लॅस्टर?"

मृणालने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो यंत्राआड गेला. "बोटीवर घसरले होते, बाबा. बरंय आता."

नावाडी पांडूदादा ताटकळला होता. मी पेपरात लिहितो, हे त्याला कळलं होतं. "ओ पेपरवाले, नारल न्हाय, हार न्हाय, असाच सोरनार काय?"

नारळ फुटला. माझा हार पांडूदादाने यंत्राच्या शेपटीला बांधला, कारण तोंड कुठलं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मृणाल हार सोडायला धावली, पंखा शेपटीलाच होता. इम्तियाज म्हणाला, "रहने दे ना, हारवाल्याचा दोरा. पानी में टूट जाएगा."

यंत्र पाण्याखाली गेलं. परतायची वेळ टळली, तरी खाडी शांतच. मृणाल पाण्याकडे बघत नखं कुरतडत होती. मी तिच्या हाताकडे बघत होतो.

मग बरंच खाली, प्रवाहात, पिवळी पाठ दिसली. पंख्याला सूत करकचून आवळलेलं, त्यात झेंडू. पंखा अडकला हे ओळखून यंत्राने वजन टाकलं होतं.

"काका, कुठला धागा हा?" इम्तियाजने विचारलं.

"भिवंडीचा," मी विनयाने म्हणालो.

त्यांच्या प्रमुख बाई हसू दाबत म्हणाल्या, "अडल्यावर वर येतं का, ते पुढच्या आठवड्यात बघणार होतो. आजच झालं."

दुसऱ्या फेरीला, हाराविना, यंत्र जाऊन वेळेत परतलं. मृणालचं नाव मोहिमेत लागलं.

घरी बायकोने विचारलं, "हार टिकला का?" टिकला म्हटलं.

पुढच्या महिन्यात मृणाल जहाजावर जाईल. एरवी ती रविवारी एसटीडी बूथवरून फोन करते आणि 'सगळं ठीक' म्हणते. हात प्लॅस्टरमध्ये असतानाही तेच म्हणत होती. मला समुद्राची तेवढी भीती नाही. अडलं की वर यायचं, हे तिने यंत्राला शिकवलंय. अडली, तर ती स्वतः वर येईल का, ते मला ठाऊक नाही. भीती त्याचीच वाटते.