गिर्दावरांची सायकल आणि आतली बाजू

इसम नामे गोपाळराव वल्द यशवंतराव, वय सत्तरीच्या आत, बांधा सडपातळ, राहणार मौजे इचोडा, जिल्हा आदिलाबाद. पेशा गिर्दावर, म्हणजे गावोगाव फिरून जमिनींची तपासणी करणारा महसुली अंमलदार; सध्या वजीफायाब, म्हणजे पेन्शनीत. जंगम मालमत्ता : काळी सायकल एक, चालू हालतीत. शेजाऱ्यांशी वादविवाद : निरंक.

यातले शेवटचे दोन रकाने यंदाच्या उन्हाळ्यात खोटे ठरले.

सायकलीचं मागचं चाक बसायला लागलं. संध्याकाळी टणक असलेलं चाक सकाळी पोळीसारखं सपाट. पंक्चर काढावं, दोन-चार दिवस सुखाचे जावेत आणि पुन्हा तेच. इचोडा हे हमरस्त्यावरचं गाव. इथं ट्रकचं टायर उतरवणारी दुकानं ओळीनं आहेत आणि सायकल पाहिली की तिथले लोक तोंड फिरवतात. तरी गोपाळराव प्रत्येक वेळी नव्या दुकानात जात. एकाच दुकानदारावर भरवसा ठेवायचा नाही, ही नोकरीतली सवय. त्यामुळे प्रत्येक दुकानदारानं एकच पंक्चर पाहिलं, थिगळ लावलं आणि पुढच्या ट्रककडे वळला.

नवी ट्यूब त्यांनी आणून ठेवली होती, पण बसवली नाही. जुनी ट्यूब हा पुरावा होता, आणि पुराव्यात फेरफार करणं गोपाळरावांच्या रक्तात नव्हतं.

पुरावा कशाचा, तर उत्तमरावांविरुद्धचा.

उत्तमराव भैंसा गावच्या कापसाच्या जिनिंगमधले जुने मुनीम. गोपाळरावांच्या घराच्या एका बाजूला मोकळा प्लॉट, दुसऱ्या बाजूला उत्तमराव. रोज तिसऱ्या प्रहरी ते चहाला येत, पाय वर घेऊन बसत आणि सरकारला नावं ठेवत. गोपाळराव नोकरीत असताना या भागात जे पंचनामे झाले, त्यातल्या बऱ्याच कागदांवर पंच म्हणून उत्तमरावांचीच सही होती. पंच मिळत नसला की हाक मारायची आणि त्यांनी यायचं. इतक्या वर्षांची मैत्री म्हणजे बरीचशी हीच.

पण सायकल दोन घरांमधल्या बोळात उभी राही आणि उत्तमरावांची स्कूटर तिच्यामागे अडके. एकदा वैतागून ते चार माणसांत बोलून गेले होते, "एक दिवस मीच फोडतो हे चाक, मंग समजंल गिर्दावरांना!" सगळे हसले होते, गोपाळरावही हसले होते. आता ते हसणं त्यांनी मनातल्या मनात मागे घेतलं.

खात्री करायला त्यांनी सायकल घरात, ओसरीवर घेतली. चाक ओसरीवरही बसलं. दुसऱ्या कुणी यावरून निराळा निष्कर्ष काढला असता. गोपाळरावांनी काढला तो असा, की टोचणारा घरात येतो.

"घरात तर मी पन असते," त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"तुझी चौकशी नंतर."

"नंतर काऊन? आताच करा. अहो, ज्या मानसाला सुईत दोरा ओवता येत नाही, तो टाचनी टोचून राह्यला म्हनता? भाऊजींचं मन मोडू नका बाप्पा. तुमच्याशी बोलनारं दुसरं हाय तरी कोन?"

 गोपाळराव पंचनामा लिहीत होते.

तिसऱ्या प्रहरी उत्तमराव आले, पाय वर घेऊन बसले. गोपाळरावांनी नेहमीसारखा कागद पुढे सरकवला आणि पेन दिलं. सवयीनं उत्तमरावांनी सहीच्या जागी बोट ठेवलं. मग कसं कोण जाणे, त्यांनी तो वाचला.

वाचून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"'शेजारील इसमाने हेतुपुरस्सर'," ते म्हणाले. "शेजारी किती हायेत जी तुमाले?"

"एकच."

"म्हंजे मी माझ्याच नावावर पंच म्हनून सही करू?"

"नाव कुठं लिहिलंय?"

उत्तमरावांनी पाय खाली सोडले. आता ते उठून जातील आणि परत येणार नाहीत, असं आत उभ्या असलेल्या कुमुदिनीबाईंना वाटलं. पण मुनीम म्हणून काढलेलं आयुष्य आडवं आलं. माल न पाहता त्यांनी कधी पावती दिली नव्हती.

"पंच म्हंजे डोळ्यांनी पाहनारा," ते म्हणाले. "छेद दाखवा."

चाक निघालं. कुमुदिनीबाईंच्या दोन उलथन्यांनी टायर उतरलं. ट्यूब फुगवून घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, तेव्हा बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. छेद सापडला. पण उत्तमराव छेदाकडे पाहत नव्हते, ते थिगळं पाहत होते.

"सारी थिगळं एकाच अंगाला काऊन?"

"तो रोज एकाच बाजूनं टोचत असंल," गोपाळराव म्हणाले. 'तुम्ही' म्हणायचं त्यांनी टाळलं, एवढाच मुलाहिजा.

"पन हे अंग कोनतं?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

गोपाळरावांनी ट्यूब चाकावर धरून पाहिली. थिगळांचं अंग रस्त्याकडे नव्हतं, टायरकडे नव्हतं. ते आत होतं, रिमकडे. बाहेरून टाचणी मारायची तर ती टायर फोडून, ट्यूबचं वरचं अंग भेदून, मग तिथं पोचली असती. आणि वरच्या अंगाला ओरखडासुद्धा नव्हता.

त्यांनी रिमच्या आतून बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं. बोटावर रक्ताचा थेंब आला.

रिमच्या आत रबरी पट्टी असते, आऱ्यांची टोकं झाकायला. ती उन्हानं वाळून, तडकून एका बाजूला सरकली होती आणि मधली टोकं उघडी पडली होती. चाक वाकडं झालं म्हणून गेल्या दसऱ्याला गोपाळरावांनी आरे कसून घेतले होते. तेव्हापासून काही टोकं वर डोकावत होती. हवा भरली की ट्यूब त्यांच्यावर दाबली जाई आणि हळूहळू झिजत छेद पडे. दर वेळी नव्या टोकावर, नवा छेद.

गोपाळराव ओसरीच्या पायरीवर बसले. जन्मभर त्यांनी प्रत्येक मालमत्तेची हुदूद-अर्बा लिहिली होती, म्हणजे पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर अशा चारी हद्दी. आतली बाजू सरकारी नमुन्यात नसते.

पुढचं काम उत्तमरावांनीच केलं. वर आलेली टोकं कानशीनं घासून सपाट केली. पुराव्याची ट्यूब कात्रीनं लांबीत चिरली आणि तिची पट्टी रिममध्ये अशी बसवली, की एकही टोक बोटाला लागू नये. हवेच्या नळीसाठी भोक तेवढं सोडलं. वर नवी ट्यूब घातली. मग हात पुसून म्हणाले,

"तुमी मले चोर समजले."

"संशयित."

"काय फरक हाय?"

"कायद्यात हाय."

"आन मनात?"

यावर गोपाळरावांनी पंचनामा ओढून घेतला आणि खाली लिहिलं, 'तपासाअंती सदर इसमाविरुद्ध काही आढळून आले नाही.' तारीख घातली, सही केली. उत्तमरावांनी कागद वाचला, घडी करून तिथंच ठेवला आणि चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. चाक टणक होतं. गोपाळराव ते पुन्हा पुन्हा दाबून पाहत. कुमुदिनीबाई दोघांपुरताच चहा टाकत. हे बोलण्याहून वाईट होतं.

शेवटी गोपाळरावांनी एक मसुदा केला. 'गैरसमजुतीने घडलेल्या प्रकाराबाबत खुलासा' अशी त्याची सुरुवात होती. तो खिशात घालून ते शेजारी गेले. इतक्या वर्षांत चहा नेहमी गोपाळरावांकडेच व्हायचा. त्या घरात ते दारापलीकडे कधी गेले नव्हते. दार उत्तमरावांच्या पत्नी रेणुकाबाईंनी उघडलं. उत्तमराव आत बसले होते, पाय खाली.

"काय जी, आज कोनता कागद आनला?"

गोपाळरावांचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

"चुकलो मी, उत्तमराव," ते म्हणाले.

उत्तमरावांनी त्यांना थोडा वेळ उभंच ठेवलं. मग पायानं खुर्ची पुढं सरकवली आणि आत ओरडले, "अवो, चहा टाका, पाव्हने आले!"

उत्तमरावांच्या घरी चहा गुळाचा असतो. गोपाळरावांना हे माहीत नव्हतं.