पेरूच्या आळ्यातली वांगी

"ताई, जोर बी लावला नाय, अन् हातात आलं बघा," साळूबाई म्हणाल्या. नऊ महिन्यांचं पेरूचं रोप त्यांच्या मुठीत लोंबत होतं. पानं पिवळी, मुळांवर मण्यांसारख्या गाठी.

मी फूड फॉरेस्ट डिझाइन करते. फळझाडं, झुडपं, वेली, भाज्या जंगलासारखी एकत्र लावायची. लहान फळझाडाभोवती त्याच्या उपयोगाची रोपं लावतात, त्याला कंपॅनियन प्लांटिंग म्हणतात. गंगापूरजवळच्या या शेतात मी पेरूच्या पश्चिमेला सावलीसाठी तूर लावली होती, जमिनीला नत्र मिळावं म्हणून चवळी आणि आळ्याच्या कडेनं झेंडू. झेंडू शोभेला नव्हता. पेरूच्या मुळांत सूत्रकृमी शिरतात, डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत. झेंडू त्यांना वाढू देत नाही.

आता झेंडूच्या जागी वांगी होती. मी एक झाड उपटलं. त्याच्याही मुळांवर तशाच गाठी. सूत्रकृमी कदाचित नर्सरीच्या पिशवीतूनच आले असतील, पण त्यांना पोसलं वांग्यांनी.

मालक जाधव सर शहरात पुंडलिकनगरला राहतात, बँकेत आहेत, शेतावर रविवारी येतात. बाकीचे सहा दिवस साळूबाई आणि त्यांचा नवरा शेतावरच्या खोलीत राहून सगळं बघायचे. त्यांच्या दोन मुली गंगापूरच्या शाळेत होत्या.

"किती गेली?" त्या रविवारी आलेल्या सरांनी विचारलं.

"चाळीस दिसतायत. पण सगळीच काढावी लागतील. या खड्ड्यांत लगेच पेरू लावता येणार नाही."

"वांगी कुणी लावली?"

साळूबाईंनी पदर सारखा केला. "साहेब, तुमीच म्हनले व्हते. दसऱ्याला झेंडू मुळासकट गाडीत भरला तवा. जागा मोकळी कशाला ठेवती, वांगी लाव म्हनले."

"अगं, बांधावर लाव म्हटलं असेन! पेरूच्या आळ्यात कोण लावतं?"

"बांधावर पानी कुठंय, साहेब? ठिबकची नळी तर आळ्यातच हाय."

सर माझ्याकडे वळले. "मॅडम, हे तुमच्या प्लॅनमध्ये होतं?"

होतं. पान नऊ: पेरूजवळ वांगी, टोमॅटो, भेंडी नको. प्लॅन इंग्रजीत होता. मी इंग्रजी मीडियमची, मराठी लिहायला बिचकते. सरांनी फाइल उघडली नव्हती. साळूबाईंना ती वाचता आली नसती.

आणि जानेवारीत ती वांगी मी पाहिली होती. साळूबाईंनी पिशवी भरून दिली. एवढ्या कौतुकानं देणाऱ्या बाईला 'हे सगळं उपटा' कसं म्हणायचं, ते मला जमलं नाही. रिपोर्टमध्ये लिहू, असं ठरवलं. लिहिलं. तेही इंग्रजीत. वांग्यांचं घरी भरीत झालं.

"सर, मी जानेवारीत पाहिलं होतं," मी म्हणाले. "तेव्हाच सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

"तुम्ही तिला पाठीशी घालू नका," सर म्हणाले. मग साळूबाईंना, "पुढच्या रविवारी खोली रिकामी करा."

"पोरींची परीक्षा चालूय, साहेब."

"पुढचा रविवार म्हटलं ना."

मी बाजूला जाऊन माझ्या बॉसना, आमच्या ऑफिसच्या मॅडमना फोन केला, त्या तरी सरांशी बोलतील म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पान नऊवर वॉर्निंग आहे ना? मग आपण सेफ आहोत. क्लायंटच्या माणसांमध्ये पडू नकोस. आणि चूक माझी असं लेखी कुठं देऊ नकोस."

त्याच रविवारी रोपं उपटून जाळायची होती, म्हणून मला जावंच लागलं. टेम्पोत दोन पेट्या, गॅस, मुलींची दप्तरं. थोरलीचे दोन पेपर राहिले होते.

"तवाच बोलल्या असत्या ताई," साळूबाई म्हणाल्या, "तर मी उभ्या उभ्या उपटून फेकली असती. वांग्याचं काय एवढं?"

त्यात राग नव्हता. खरंच विचारत होत्या.

ऑफिसच्या रेकॉर्डमध्ये ही साइट 'क्लायंट-साइड एरर' म्हणून बंद झाली. मी शिकले ते एवढंच: रिपोर्टमध्ये लिहिणं हे सांगणं नव्हे. पाणी देणाऱ्या माणसाला झाडाजवळ उभं राहून, त्याच दिवशी सांगायचं. माझ्यासारखीला ते अजूनही जड जातं.