संभादाच्या पदकापायी बेळगाव, हुपरी आणि परत

कोल्हापुरात शाहूपुरीत माझ्या चुलतभावाच्या, संभादाच्या, फ्लॅटवर पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला एक फ्रेम दाखवतात. निळ्या मखमलीवर चांदीचं पदक, त्यावर इंग्रजांच्या राजाचं तोंड. संभादाचे पणजोबा दत्ताजी पहिल्या महायुद्धात बसऱ्याला लढून आले, त्याचं ते. दत्ताजींचे थोरले भाऊ राणोजी म्हणजे माझे पणजोबा. तेही त्याच पलटणीतून गेले, ते परत आलेच नाहीत. आमच्याकडे त्यांचा फोटो नाही की पदक नाही. ती फ्रेम बघितली की मी जळतो, हे आधीच सांगून टाकतो.

दोन हजार सहाच्या गणपतीत संभादानं भर पंगतीत विचारलं, "पदक तर समद्यांस्नी मिळालं. तुमच्या पणज्याचं कुठं हाय? पळून-बिळून तर गेला न्हाय न्हवं?" पंगत हसली. माझी मुलगीही हसली, ते जास्त लागलं. राणोजी पळाले नव्हते हे सिद्ध करायचं, असं मी तिथंच ठरवलं आणि पुढच्याच शनिवारी मोटरसायकल काढली.

कोल्हापूर-बेळगाव हायवे आता चौपदरी झालाय, अडीच तास पुरतात. निपाणीला चहासाठी थांबा. संकेश्वरच्या पुढं हॉटेलवाल्यानं कन्नडमध्ये काही विचारलं तर नुसतं हसून मान हलवू नका. मी हलवली आणि दोन माणसांचं जेवण पुढ्यात आलं. बेळगावात त्यांच्या पलटणीच्या कचेरीत एका सुभेदारसाहेबांनी नीट बसवून घेतलं, पण उत्तर ऐकून माझं तोंड उतरलं. एवढ्या जुन्या लढाईतल्या साध्या शिपायाचा माग काढायचा तर त्याचा नंबर हवा, नुसत्या नावावर काही सापडायचं नाही. नंबर कुठं मिळेल, असं विचारलं. "पदकाच्या कडेवर कोरलेला असतो की," ते म्हणाले, "नाव, नंबर, पलटण, सगळं." म्हणजे इथंही ज्याच्याकडे पदक त्याचाच पणजोबा खरा. संभादा इथवर येऊन माझ्या आधी खुर्चीत बसलाय असंच मला वाटलं.

रविवारी परतताना बेळगावचा कुंदा घेतला आणि कागलहून उजवीकडे हुपरीचा रस्ता धरला. रस्ता अरुंद आहे, उसाच्या गाड्या सुरू झाल्यावर जाऊ नका. हुपरी म्हणजे चांदीचं गाव. पैंजणांची खरेदी करायची असेल तर हाताशी अर्धा दिवस ठेवा, घराघरातून ठोकठोक ऐकू येते. मी गेलो ते आत्तीकडे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीकडे. राणोजींच्या बायकोच्या, म्हणजे तिच्या आज्जीच्या, मांडीवर ती वाढलेली. भाकरी आणि खरडा खाता खाता मी तिच्यापुढं सगळी भडास काढली. संभादाचं बोलणं ऐकून ती जेवायची थांबली.

"पळंल कशाला? पदक आलतं की त्येचं. पोस्टमन घिऊन आलता."

मग कुठं गेलं, मी विचारलं.

"तुझ्या देवघरात हाय. घोड्यावरचा वीर."

आमच्या घराण्याचे टाक थोरल्या घरी, म्हणून राजारामपुरीत माझ्याकडे असतात. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर देवाची किंवा पूर्वजाची आकृती उठवलेली. त्यातल्या घोडेस्वाराला आम्ही नुसतं वीर म्हणतो. तो शिवकाळातला कुणीतरी, असं वडील छातीठोक सांगायचे. मी दर अमावास्येला त्याला चिंचेनं घासत आलोय.

आत्तीनं सांगितलं ते असं. राणोजी गेल्याचा सरकारचा कागद आधीच आला होता, पण आज्जीनं तो मानला नाही. पदक हातात पडलं त्या दिवशी तिनं कुंकू पुसलं. माती दिलेली नाही, गेल्याचा दिवस ठाऊक नाही, मग या माणसाला देवघरात बसवायचा कसा? म्हणून ती पदक घेऊन चालत हुपरीला आली, सोनाराला म्हणाली यात दुसरी चांदी मिसळू नको, आणि ते वितळून टाक होईपर्यंत भट्टीपुढून हलली नाही. दत्ताजी जिवंत परतले, म्हणून त्यांचं पदक पदकच राहिलं.

"आन हे कुणाला कसं ठाऊक न्हाय?" माझ्याही तोंडून गावाकडचंच आलं.

"नवऱ्याचं नाव कसं घ्यायची ती?" आत्ती म्हणाली. "वीर म्हणायची. मागनं समदी तेच म्हणाया लागली."

हुपरी ते कोल्हापूर तासाभराचाही रस्ता नाही. मला तो संपेना. घरी आल्यावर हातपाय धुवून देवघरापुढं बसलो आणि मुलीला हाक मारली. तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही.

संभादाला मी फोनवर सांगितलं, मुद्दाम, चवीनं. मग त्यानं विचारलं, औंदा नवरात्रात वीर माझ्याकडं बसवू का? आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर जळत होता. मी नाही म्हणालो, आणि त्या रात्री छान झोप लागली.

खंडेनवमीला तो स्वतःच आला. फ्रेम उचकटून पदक आणलं होतं. शस्त्रांच्या पूजेत त्यानं ते वीरापुढं ठेवलं आणि टाकाला डोकं टेकून म्हणाला, "चुकलं माझं, आज्या." आता सगळं मिटलं, असं मलाही वाटलं. पण हळद-कुंकू वाहताना मी पदकाची कड बोटानं चाचपली. दत्ताजींचं नाव तिथं होतं, खोलवर, बोटाला लागणारं. आमच्या वीराला घोडा आहे, तलवार आहे. चेहरा माझ्याच घासण्यानं झिजलाय, आणि नाव तर कधी नव्हतंच.

आरती झाल्यावर मी म्हणालो, संभादा, आजची रात्र राहू दे पदक इथंच. त्यानं माझ्याकडं बघितलं, पदक रुमालात गुंडाळलं आणि खिशात घातलं.