दाराशी काढलेलं घड्याळ

घोडबंदर रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये दोन खोल्यांत दोन मोठी चुंबकं आहेत. ती द्रवरूप हेलियमनं सतत थंड ठेवावी लागतात. ते काम बघणारे काका डोंबिवलीहून येतात. चुंबकानं बिघडू नये म्हणून घड्याळ दाराशीच काढतात, मग दाढीच्या ब्रशानं पाइपच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती शोधतात. "गेला की गेला रे, परत नाही येत," म्हणतात. मला हे जरा अतीच वाटायचं.

यंदा हेलियम मिळेनासा झाला. जुनं चुंबक बंद करून त्यातला हेलियम नव्याला द्यायचं काकांनीच सुचवलं. वीस वर्षं सांभाळलेलं ते चुंबक त्यांनी दिवसभर शेजारी बसून स्वतःच्या हातानं हळूहळू वीज उतरवत बंद केलं.

आता त्या खोलीत घड्याळाला काही होणार नाही. तरी धूळ पुसायला जाताना काका ते दाराशी काढून ठेवतात.