समुद्राच्या टोळीतली पाचवी

दुपारची जेवणं उरकली आहेत. विदुला आतल्या खोलीत खाटेवर आडवी झालीय, डोळ्यांवर ओढणी टाकून. झोप अजून आलेली नाही, पण दारात येऊन उभी आहे. मागच्या अंगणात सासूबाई कोकमाची सोलं वाळत घालताहेत. सुपाचा आवाज एकदा जवळ येतो, एकदा लांब जातो.

सकाळी पुण्याहून संपादिका निलांबरीबाईंचा फोन आला होता. त्यांच्या मुलांच्या मासिकात विदुलाची चित्रकथा येते, समुद्रातल्या सुपरहिरोंच्या टोळीची. टोळी पाच जणांची, हे पहिल्याच अंकात जाहीर झालेलं. चौघे आले, मुलांनी त्यांना डोक्यावर घेतलं, आणि पाचवा काही येईना. "आज संध्याकाळपर्यंत सांगा," बाई म्हणाल्या, आवाज न चढवता. "जमत नसेल तर मालिका इथेच थांबवू. तुमची अडचण मला कळते."

अडचण म्हणजे नाना. विदुलाचे सासरे.

नाना तारी एसटीत कंट्रोलर होते. उभी हयात मालवणच्या स्टँडवर जाळीच्या खिडकीमागे बसून त्यांनी गाड्या पुकारल्या. विदुला सांगलीकडची, नदीकाठची. लग्न होऊन आली तेव्हा लाटांच्या आवाजानं तिला झोप लागायची नाही. नानांना हे समजलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "ज्याची भीती वाटते त्याचं चित्र काढ. नाव मी देतो." टोळी जन्मली ती अशी. ओसरीवर बसून नाना नाव द्यायचे, विदुला रूप द्यायची. नानांचा हट्ट एकच: ताकद दिली की उणंही द्यायचं. उणं नसलेला माणूस आपल्या टोळीत नको. सुनेशी ते जपून पुस्तकी मराठी बोलत, पण मनापासूनचं काही असलं की मालवणीत उतरत.

शेवटी शेवटी खोकला त्यांना वाक्य पुरं करू देईना, आणि आषाढात नाना गेले. विदुला तेव्हा माहेरी होती. ती घाट उतरून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

सुपाचा आवाज आता अगदी पायांशी येतोय. विदुला पाय आखडून घेते, आणि पाय पाण्यात आहेत.

ती स्टँडवर उभी आहे. पोटऱ्यांपर्यंत पाणी आहे, कोमट. कुणालाच त्याचं काही वाटत नाही. फलाटांवर गाड्या लागल्या आहेत, त्यांच्या चाकांमधून मासे ये-जा करताहेत. कँटीनवाला बोटांनी शेवाळ बाजूला सारून चहा गाळतोय. वरून ऊन येतंय, पण हिरवं, हलतं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," कर्णा बोलतो. "खारेपाटणमार्गे जाणारे खाजण फलाट क्रमांक दोनवर उभे आहे. खांबाला धरून उभे आहे. कृपया त्याला हलवू नये."

तो आवाज विदुला कुठेही ओळखेल. ती वळून पाहते. फलाटाच्या छताखाली खाजण खरंच उभा आहे, तिनंच काढलेला, खारफुटीच्या मुळांच्या हातांचा. किनारा ढासळू लागला की तो धरून ठेवतो. त्याचं उणं हे, की एकदा रुजला की त्याला लवकर निघता येत नाही. बाकावर खेकडीण कुर्लीआजी बसलीय, घोंगडी गुरफटून. तिनं नुकतीच कात टाकलेली दिसतेय, सगळं अंग लोण्यासारखं मऊ. नवं कवच कडक होईपर्यंत ती कुणाशी लढत नाही. उधाणी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत सुटलीय, पुनव कधी, अवस कधी, कारण मधल्या दिवसांत तिच्या अंगात काही जोर नसतो. आणि पेटपाणी, ज्याच्या स्पर्शानं समुद्र निळा पेटतो, तो कँटीनच्या अंधाऱ्या कोपऱ्यात शिरून बसलाय. उजेडात तो कुणाला दिसतच नाही.

चौघेही विदुलाकडे पाहतात. ती खाली मान घालून जाळीच्या खिडकीकडे जाते.

नाना आत बसले आहेत. खाकी सदरा, वरचं बटण उघडं. माईक बाजूला सारून म्हणतात, "ये. उशीर केलास."

"गाडी मिळाली नाही, नाना."

"मीच सोडतो गाड्या. मला सांगतेस?" ते हसतात. "बस."

बसायला जागा नसते, मग असते. ती आता खिडकीबाहेर नाही, स्वैपाकघरात पाटावर आहे, आणि नाना चुलीपाशी उकिडवे बसून कुळथाची पिठी ढवळताहेत. पाणी इथेही आहे. चूल त्यात जळतेय. विदुलाच्या हातात कागद आहे, त्यावर पाचवा.

"दाखव," नाना म्हणतात.

ती दाखवते. उंच, रुंद खांद्यांचा, हातात मोठं जाळं. त्याचं नाक नानांचं आहे, मधे जरा वाकलेलं. भुवयाही नानांच्याच.

"हा काय करतो?"

"समुद्रानं नेलेली माणसं परत आणतो."

नाना पिठी ढवळत राहतात. "सगळी?"

"सगळी. कितीही दिवस झाले असले तरी. कितीही खोल गेली असली तरी."

"आणि ह्याचं उणं?"

उणं तिनं दिलेलंच नाही. कितीतरी दिवस तिनं हाच माणूस काढला आणि फाडला, पुन्हा काढला, आणि दर वेळी उणं द्यायची वेळ आली की तिचा हात थांबायचा. उणं दिलं की एखादा माणूस परत यायचा राहून जाईल, आणि तो कोण असेल हे तिला माहीत होतं.

"ह्याला उणं नाही," ती म्हणते.

"मग हा देव झाला. देवाला आपल्या टोळीत कशाला ओढतेस? त्याला त्याची कामं आहेत." नाना कागद हातात धरून उजेडाकडे करतात, बराच वेळ बघतात. "आणि माजा नाक नको गो. त्या नाकान मी जन्मभर डिझेलचो वास घेतलंय. आता तरी सुटू दे तेका."

तिला हसू येतं. "नाना, तुम्ही या ना परत," ती म्हणते. एवढी साधी गोष्ट आजवर तिनं कुणापाशी बोललेली नाही, नवऱ्यापाशीही नाही.

नाना पिठी उतरवतात. सांडशी नाही, फडकं नाही, उघड्या हातांनीच उतरवतात आणि त्यांना भाजत नाही.

"माझी गाडी सुटली, विदुला," ते म्हणतात. "मीच पुकारली ती. नाव नीट घेतलं, फलाट नीट सांगितला. आता परत कशी बोलावू?"

बाहेर काहीतरी बदललंय. विदुलाला आधी पायांना कळतं. पाणी पोटरीवरून घोट्यावर आलंय. चुलीभोवतीची माती दिसू लागलीय. मग भिंत कधी नव्हतीच, आणि ती दोघं उघड्या जागेवर उभी आहेत. समोर समुद्र मागे सरतोय. भीती वाटावी असा नाही, घाईनंही नाही. लांबवर एक बाई चालत निघालीय, ह्यांच्याकडे पाठ करून. कमरेशी खोचलेल्या ओच्यासारखी तिनं पाण्याची कड उचलून धरलीय, आणि ती जाईल तसा समुद्र तिच्यामागून जातोय.

"ही कोण?" विदुला विचारते.

"तू इतकी वर्षं इथे राहतेस, आणि ओहोटी ओळखत नाहीस?"

"पण नाना, ओहोटी तर नेते."

"कोण म्हणतं? खाली बघ."

ती बघते. कधी न दिसलेला तळ उघडा पडलाय. खडक, त्यांवरची कालवं, वाळूच्या वळ्या, डबक्यांत अडकलेली निळी चिंगळं, कुणाचा तरी बुडालेला नांगर. कुर्लीआजी घोंगडी टाकून हळूहळू तिथे उतरतेय. खाजणानं एक मूळ सोडवून पुढे टाकलंय. उधाणी पुनव-अवस विसरून धावत सुटलीय. पेटपाणी एका गुहेच्या तोंडाशी उभा राहून आत उजेड पाडतोय. इतके दिवस चौघे आपापल्या जागी अडकले होते. आता त्यांना एकमेकांपर्यंत चालत जाता येतंय.

"जागा करून देते ती," नाना म्हणतात. "पुढे जाणारे चार आहेत तुझ्याकडे. मागे सरणारं कुणी नव्हतं."

विदुला त्या पाठमोऱ्या बाईकडे बघत राहते. तिच्या हातांना पेन्सिलीची आठवण होते. "आणि तिचं उणं?"

दोघं ओल्या तळावरून चालू लागतात. चिखल बोटांमधून वर येतो, थंड, मऊ. लांबून लाटा ऐकू येताहेत. तिला वाटतं, ह्या आवाजाला मी घाबरत होते.

"तिला थांबता येत नाही," नाना शेवटी म्हणतात. "वेळ झाली की निघायचं. कुणी हाक मारली तरी. निरोप घ्यायचा राहिला तरी."

विदुला चालायची थांबते.

"तुम्हीही थांबला नाहीत," ती म्हणते. तक्रार करत नाही, नुसतं सांगते.

"नाय थांबाक जमला," नाना म्हणतात. "तुझी वाट बघितलंय. तुझ्या गाडीचा नाव दोनदा पुकारलंय. मग नाय जमला."

ती मान हलवते. त्यापुढे विचारायचं काही उरत नाही. नाना पुढे चालताहेत, ती थोडी मागे. त्यांच्या सदऱ्यात वारा भरतो. अंतर वाढतं, पण ती धावत नाही. कर्णा कुठूनतरी पुन्हा बोलू लागतो, कुठल्या तरी गाडीचं नाव घेतो, आणि ते नाव म्हणजे सासूबाईंची हाक आहे.

"विदुला, उठतंस मा? चार वाजले."

ती डोळे उघडते. ओढणी उशाशी पडलीय. खिडकीतून उतरतं ऊन आत आलंय. मन शांत आहे, मनसोक्त रडून झाल्यावर असतं तसं, पण डोळे कोरडे आहेत. निलांबरीबाईंना काय सांगायचं ते तिला ठाऊक आहे. पाठमोरीच काढायची, तोंड दाखवायचंच नाही. मुलं विचारतील, विचारू देत.

ती उठायला पाय खाली सोडते. सासूबाई दारातच थबकल्या आहेत. त्या विदुलाच्या पायांकडे बघताहेत.

पाय घोट्यापर्यंत काळ्या, ओल्या चिखलानं भरले आहेत. बोटांच्या बेचक्यांत वाळू चमकतेय, आणि एका टाचेला शेवाळाचा हिरवा धागा चिकटलाय. खाटेवरची चादर मात्र कोरडी, स्वच्छ.

सासूबाई येऊन खाटेशी खाली बसतात. बोटानं थोडा चिखल घेतात, नाकाशी नेतात. असा वास घराजवळच्या वाळूला येत नाही, खोल तळालाच येतो, हे त्यांना सांगावं लागत नाही. त्या कोळ्यांच्या घरात वाढल्या. मग पदर सावरत, वर न बघता, विचारतात,

"कशे आसत?"

विदुला त्यांचा चिखलाचा हात आपल्या हातात घेते.

"बरे आहेत, आई. एवढं बोलले, पण एकदाही खोकला आला नाही."